अडीच फुटांची गादी

रजिया देवणीची. तिचे वडील बैलांना नाल ठोकायचे. बाजारात बैल आडवा पाडून, पाय बांधून, तोंडात खिळे धरूनच गिऱ्हाइकाशी बोलणारे वडील तिने लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे धंदा म्हणजे घाम, शेण आणि लोखंड अशी तिची पक्की समजूत. एकोणनव्वद साली लग्न होऊन ती निलंग्यात गुलाम रसूल नद्दाफच्या घरी आली आणि पहिल्याच दिवशी तिला वाटलं, या घरात माणसं काम करतात की नुसतं हवेत काहीतरी उडवत बसतात? पिंजाऱ्याचं घर ते. पिंजणीची तार घुमायची, कापूस वर उसळायचा, सावकाश खाली बसायचा. अठ्ठावीस वर्षांचा गुलाम रसूल सकाळी दुकानात जायचा आणि संध्याकाळी साठीचा होऊन परतायचा. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानाचे केससुद्धा पांढरे. ती तोंडावर ओढणी धरून हसली. तोही हसला. तिथून त्यांचं जमलं ते जमलंच.

दुकान एसटी स्टँडच्या रस्त्याला होतं, पत्र्याचं, भाड्याचं. कापूस पिंजायचा गुलाम रसूलने. खोळ शिवायची, कापूस भरायचा आणि टाके घालायचे रजियाने, अशी वाटणी. टाके घालायला सासूने शिकवलं. दाभणात जाड सुती दोरा ओवायचा, टाका पार खालपर्यंत न्यायचा, ओढायचा. पण कापूस गुदमरू द्यायचा नाही. "हळू," सासू म्हणायची, "माणसाला निजायचंय त्याच्यावर. पोतं न्हाई शिवून राहिलीस तू." दोन वर्षांत रजियाचा हात असा बसला की गिऱ्हाईक गादीवर तळवा दाबून बघायचं सोडून टाक्यांच्या ओळीच बघत राहायचं.

धंद्याचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. थंडीच्या रजया, लग्नातल्या गाद्या, पाहुण्यांसाठी लोड. पावसाळ्यात कापूस ओल धरतो म्हणून चार महिने दुकान जवळजवळ बंदच. त्या रिकाम्या महिन्यांत खोळी शिवून ठेवायच्या. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात दोघांनी त्याच्याही पुढची उडी मारली. कापूस स्वस्त मिळाला म्हणून भरला, दुकानात शेगडी ठेवून कोरडा राखला आणि गणपती बसायच्या आत चाळीस रजया तयार करून माळ्यावर रचल्या. दिवाळीला एकदम बाजारात काढायच्या होत्या. एवढा माल नद्दाफांच्या दुकानात आधी कधीच नव्हता.

अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून गाव निजलं आणि पहाटे भूकंप झाला. निलंग्यात भिंती फाटल्या. त्यांच्या घरालाही कोपऱ्यातून हात जाईल एवढी भेग पडली, पण गल्लीतलं कुणी गेलं नाही. उजाडल्यावर किल्लारीकडच्या गावांच्या बातम्या येऊ लागल्या. आधी कुणी म्हणालं पन्नास माणसं, मग कुणी म्हणालं पाचशे. दुपारी स्टँडवर आलेला एक ड्रायव्हर तर नुसता स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. वर पाऊस लागला होता. तिकडे जायला एक ट्रक भरत होता, भाकरी, कंदील, जुनी लुगडी.

गुलाम रसूल दुकानाच्या दारात उभा राहून माळ्याकडे बघत होता. "चाळीस हायत," तो म्हणाला.

"मोजून कशाला राहिलात?" रजिया म्हणाली. "काढा खाली."

रजयांबरोबर तोही ट्रकमध्ये चढला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. तिने पाणी तापवून दिलं. अंघोळ करून तो भिंतीपासून लांब, अंगणात बसला. म्हणाला, "पांघरायला न्हाई लागल्या त्या. झाकायला लागल्या."

मग देशभरातून मदत यायला लागली. ट्रकच्या ट्रक घोंगड्या, ब्लँकेटं, सतरंज्या. ज्यांची घरं पडली त्यांना मिळाली, ज्यांची नुसती तडकली त्यांनाही मिळाली. पुढच्या थंडीत निलंग्याच्या आठवडी बाजारात शिक्का मारलेली परदेशी ब्लँकेटं जमिनीवर ढीग घालून विकायला होती. घरात दोन ब्लँकेटं फुकट आलेली असताना रजई विकत कोण घेणार? आणि राग तरी कुणावर धरायचा? पाठवणाऱ्यांनी चांगल्याच मनाने पाठवलं होतं. घेणाऱ्यांचं सगळं गेलं होतं. दुकान उघडायचं, झाडायचं आणि बसायचं. समोरचा शरणप्पा हॉटेलवाला चहा पाठवायचा आणि पैसे मागायचा नाही, तेव्हा रजियाला जास्त लाज वाटायची.

दोन हिवाळे असे कोरडे गेले. गुलाम रसूल भूकंपग्रस्तांच्या नव्या वसाहतींच्या कामावर पत्रे उचलायला जाऊ लागला. रजिया मार्केट यार्डात बारदाना शिवायला जाऊन बसली. तुरीची, करडईची पोती. सासू म्हणायची ते पोतं आता खरोखरच हातात आलं. तिथे तिला तारामती भेटली. नवरा नसलेली, कष्टाळू, बोलायला तिखट. शिवताना रजियाचा टाका बघून तारामती म्हणाली, "अगं बाई, पोत्याला इतकं जपून राहिलीस? तुरीला काय झोप लागायचीय?" दोघींची मैत्री तिथून झाली. पंचाण्णवला जेबा झाली. त्यानंतर मूल झालं नाही.

धंदा पुन्हा उभा राहिला तो अशा दिशेने की जिकडे कुणी बघितलंही नव्हतं. अठ्ठ्याण्णवचा जून होता. हायस्कूलात गणित शिकवणारे रेणुकादास सर आपल्या मुलीला, मृण्मयीला, घेऊन दुकानात आले. ती दहावीला बोर्डात झळकली होती आणि अकरावीला लातूरला चालली होती.

"रजियाबाई, एक गादी हवी होती. पण अरुंद."

"किती अरुंद, सर?"

"तेच तर कळत नाही. खोली दहा बाय बाराची आहे आणि पोरी सहा."

मृण्मयी हळूच म्हणाली, "आणि दार आतल्या बाजूला उघडतं."

सरांनी खिशातून खडू काढला आणि दुकानाच्या फरशीवर खोली आखली. चार गाद्या ओळीने, दोन त्यांच्या पायथ्याशी आडव्या, मध्ये चालायला चिंचोळी वाट. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा बसलं. गादीची रुंदी निघाली अडीच फूट. रजिया गुडघ्यावर बसून बघत होती. तिला पहिल्यांदाच लातूरचं ते शिकणं डोळ्यांनी दिसलं. सहा पोरी, मध्ये वीतभर अंतर.

"नेणार कशी?" तिने विचारलं.

"एसटीच्या टपावर."

"पावसात?"

याचं उत्तर रजियानेच शोधलं. गादीला गुंडाळी करून बांधायला दोन पट्टे शिवले, हातात धरायला कडी केली. खताची रिकामी पोती उसवून, धुवून त्यांची दुहेरी पिशवी शिवली; त्यात गादी घातली की टपावर कितीही पाऊस पडो, आत थेंब जायचा नाही. खोळ काढून धुता यावी म्हणून एका बाजूला नाड्या लावल्या. आणि उशाच्या अंगाला एक खिसा शिवला. मृण्मयीने विचारलं, हा कशाला? "सहा जणींत तुझं म्हणून काय राहणार गं?" रजिया म्हणाली. "चष्मा ठेव, चिठ्ठी ठेव. काहीबी ठेव."

दिवाळीला मृण्मयी आली तेव्हा तिच्याबरोबर खोलीतल्या आणखी दोन पोरींचे निरोप आले, आम्हालाही तसलीच. पुढच्या जूनला अकरा गाद्या गेल्या, त्याच्या पुढच्या जूनला साठ. मग औरादहून, कासारसिरशीहून, देवणीहून माणसं यायला लागली. येऊन थेट म्हणायची, "ती लातूरची गादी दाखवा." गुलाम रसूलने पत्रे उचलणं सोडलं. विजेवर चालणारं पिंजायचं यंत्र आलं. तारामतीला रजियाने यार्डातून काढून आणलं, आणखी दोघी हंगामापुरत्या आल्या. आणि गंमत म्हणजे जो जून महिना पिंजाऱ्याच्या नशिबी रिकामा असायचा तोच आता हंगाम झाला. उन्हाळाभर कडक उन्हात कापूस वाळवायचा, मे महिन्यात पिंजायचा, निकाल लागेपर्यंत गाद्या उभ्या.

ती आठ-नऊ वर्षं बरकतीची गेली. जेबाला चांगल्या शाळेत घातलं. भिंतीतली ती भेग सिमेंटने भरून घेतली. पण जूनमध्ये स्टँडवर लातूरच्या गाडीजवळ उभं राहिलं की रजियाला बरं वाटायचं नाही. टपावर एकामागून एक तिच्याच गाद्या चढत असायच्या आणि खाली आया डोळे पुसत असायच्या. पोरं गेली की त्यांच्या मागोमाग गावातलं बरंच काही जायचं. गणवेश शिवणारा बसवंत शिंपी शटर ओढून पुण्याला मुलाकडे गेला. वह्यापुस्तकांचं दुकान मोबाइलच्या दुकानात बदललं. रेणुकादास सर घरी शिकवणी घ्यायचे, त्यांच्याकडे पाच पोरं उरली. "गाव रिकामं करायच्या कामाला लागलो काय आपण?" एकदा तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आपण न्हाई दिली गादी तर ती काय जायची राहणार हायत?" ते खरंच होतं.

मग गुलाम रसूलची छाती धरायला लागली. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं धूळ. लातूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं, "काय काम करता?" आणि उत्तर ऐकून मान हलवली. वीस-पंचवीस वर्षांचा कापूस आत जाऊन बसला होता. यंत्राजवळ जायचं नाही, दुकानातसुद्धा बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तो समोर शरणप्पाच्या बाकावर बसू लागला. तिथून त्याला यंत्राचा आवाज ऐकू यायचा. आवाज जरा बदलला की तो हात वर करून खुणा करायचा, पट्टा सैल झालाय, दात अडकलेत. नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधून यंत्र चालवणारी रजिया मान डोलवायची. डॉक्टरांनी तिला काही सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास गिऱ्हाईक आटायला लागलं. एका जूनला शंभर, पुढच्या जूनला चाळीस, त्याच्या पुढच्याला सतरा. माल तोच, टाका तोच. शेवटी तिने पोरीला लातूरला सोडून आलेल्या एका बाईला रस्त्यात गाठून विचारलं.

"आता काही न्यावंच लागत न्हाई वो," बाई म्हणाली. "कॉट, गादी, कपाट, टेबल, सगळं तिथंच देतात. नुसतं पोरगं न्यायचं."

रजिया तीन दिवस त्यावर विचार करत राहिली. मग एक गादी पट्ट्यांनी बांधून खांद्याला लावली आणि लातूरच्या गाडीत बसली. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर आपण जायचं. ट्यूशन एरियात ती पहिल्यांदाच शिरली. वर बघेल तिथे पोरांचे फोटो आणि मार्कांचे आकडे. दर दुसऱ्या इमारतीवर वसतिगृहाची पाटी. पहिल्या चार ठिकाणी वॉचमनने आतच घेतलं नाही. पाचव्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला, आमचा माल कंपनीतून येतो. एके ठिकाणी पोरांनीच हसून विचारलं, "मावशी, झोपायचंय का इथं?"

नववं की दहावं दार विरूपाक्षअप्पांचं होतं. औरादकडचे लिंगायत गृहस्थ, शेत विकून मुलींचं तीन मजली वसतिगृह बांधलेले. त्यांनी गादी उलगडली, वर तळवा दाबला, मग चक्क चपला काढून तिच्यावर आडवे झाले. थोडा वेळ उठलेच नाहीत.

"आमच्या आईनं अशी घालून दिली होती मला शाळेत जाताना," ते म्हणाले. "माझ्या इथल्या काथ्याच्या गाद्या फाटून गेल्यात. ऐंशी लागतील. जूनच्या आत व्हतील?"

"व्हतील," रजिया म्हणाली. होतील की नाही याचा तिने विचारही केला नव्हता.

दोन हजार दहाचा तो उन्हाळा. एप्रिलपासून घरदार, गल्ली, मशिदीमागची मोकळी जागा, जिथे ऊन तिथे कापूस. तारामतीने आपल्या दोन भाच्या आणल्या. नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली जेबाही नाड्या शिवू लागली. वीज जायची, यंत्र थांबायचं. वीज आली की जेवत्या ताटावरून उठायचं. समोरच्या बाकावरून गुलाम रसूल दिवसभर खुणा करत होता, आणि रजियाने त्याला इतकं खुशीत पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन टेम्पो भरून गाद्या गेल्या. रजिया टेम्पोबरोबर गेली आणि तिन्ही मजल्यांवर प्रत्येक कॉटवर स्वतःच्या हाताने गादी घातली. विरूपाक्षअप्पा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, समोरच्या दोन हॉस्टेलवाल्यांनाबी सांगतो मी." परतताना तिला गाडीत झोप लागली आणि कंडक्टरने निलंग्याला उठवलं.

ऑगस्टमध्ये अप्पांचा फोन आला. एकदा येऊन जा, एवढंच म्हणाले.

ती गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी एक गादी उलटी केली. खालच्या बाजूने ओल धरली होती, कापसाचे गोळे झाले होते, आणि शिवणीत ढेकूण होते. पोरी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. रजियाला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुमचं काम वाईट न्हाई," अप्पा सावकाश म्हणाले. "पण गादीला ऊन लागतं. इथं कोण घालणार? या पोरी पाचला उठतात, क्लासला जातात, रात्री येऊन पडतात. ओला टॉवेल गादीवर, डबा गादीवर, अंगात ताप असला तरी तिथंच. घरी आई घालत होती उन्हात. इथं आई न्हाई."

रजियाने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, "मी घालते."

"तुम्ही? निलंग्याहून?"

"दर रविवारी येते. सगळ्या गच्चीवर नेते, झाडते, ऊन देते, परत घालते. हंगामभर बघा माझ्याकडं."

अप्पा नको म्हणत होते, पण तिच्या तोंडाकडे बघून तयार झाले. पुढच्या रविवारपासून पहिल्या गाडीने रजिया आणि तारामती लातूरला जायला लागल्या. पोरींचा रविवारी पेपर असायचा. त्या गेल्या की या दोघी एकेक गादी पाठीवर घेऊन तीन जिने चढायच्या. ऐंशी गाद्या वर, ऐंशी खाली. पहिल्या रविवारी ऊन होतं. गच्चीभर गाद्या उघड्या पडल्या, दोघी काठीने झोडत राहिल्या, खिशांतून चिठ्ठ्या, गोळ्या, एकीच्या खिशातून आईचा फोटो निघाला. रजियाने तो पुसून पुन्हा होता तसा ठेवला. दुसऱ्या रविवारी ढग. तिसऱ्या रविवारी झड लागली. चौथ्याही. गाद्या पाठीवर घेऊन वर जायचं आणि आभाळ बघून परत खाली आणायच्या. एकदा अर्ध्या वर नेल्यावर सर आली आणि बारा गाद्या पूर्ण भिजल्या. तारामती पायरीवर बसून म्हणाली, "रजिया, ढगाला कुठं शिवणार हाईस?"

सप्टेंबरात एका मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर तिच्या हातावरच्या गांध्यांचे फोटो काढले आणि सगळ्या पालकांना दाखवले. चार पोरी वसतिगृह सोडून समोरच्या इमारतीत गेल्या. त्या आठवड्यात अप्पांकडे रेक्झीनचं कव्हर असलेल्या फोमच्या गाद्या आल्या. फडकं मारलं की साफ. त्यांनी रजियाला दोष दिला नाही, दिलेले पैसेही परत मागितले नाहीत. फक्त म्हणाले, "ह्या तुमच्या नेता का? मला टाकवत न्हाईत." तिला वाटलं, दोन शब्द वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. तेवढंच आपल्यालाही बोलायला तोंड उघडता आलं असतं.

टेम्पोतून ऐंशी गाद्या निलंग्याला परत आल्या. गुलाम रसूल डॉक्टरांचं न ऐकता दुकानात आला, एक गादी उसवली, आतला कापूस चिमटीत धरून ओढला आणि सोडून दिला. "मेला हा," म्हणाला. "पुन्हा पिंजला तरी उठायचा न्हाई." छतापर्यंत रचलेल्या गाद्यांनी दुकान भरून गेलं, नवीन काही करायला जागाच राहिली नाही. महिनाभराने रजियाने सांगून टाकलं, ज्याला पाहिजे त्याने न्या. माणसं आली. दुकानासमोरच शिवण उसवून कापूस गटारीच्या कडेला ओतला आणि खोळी तेवढ्या घेऊन गेली. कापड चांगलं होतं.

रेणुकादास सर आता निवृत्त झाले होते. ते स्वतः होऊन आले आणि म्हणाले, लहान उद्योगांसाठी एक योजना आहे, तुम्ही फोमचंच काम शिका, यंत्र घ्या, मी अर्ज भरतो. त्यांनी सुंदर अक्षरात अर्ज भरला, दोनदा रजियाला बरोबर घेऊन लातूरच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने यादीवरून बोट फिरवलं. महिलांसाठी अगरबत्ती होती, पापड होते, मेणबत्ती होती, शिवणकाम होतं. गादी नव्हती. "शिवणकामात घाला," सर म्हणाले. साहेब म्हणाले, मग शिवणयंत्र मिळेल. "यंत्र हाय माझ्याकडं," रजिया म्हणाली. "मग काय पाहिजे?" साहेबाने विचारलं. त्याने टोचायला विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. गिऱ्हाईक पाहिजे, असं कसं सांगायचं?

पुढच्या जूनमध्ये विरूपाक्षअप्पांचा पुन्हा फोन आला. वसतिगृहात राहणारी मावशी सोडून गेली होती. पोरींकडे बघायला, जेवणाच्या वेळी उभं राहायला, चादरी बदलायला घरची बाई हवी होती. "जेबाला पण आणा," ते म्हणाले. "तुम्ही दोघी खालच्या खोलीत राहा. तिची अकरावी इथं व्हईल. राहायचं-खायचं माझ्याकडं."

रजियाने ते घरात सांगितलं तेव्हा घरातल्या दखनीत गुलाम रसूल एवढंच म्हणाला, "जाव." मग छातीवर हात ठेवून दम घेतला आणि पुढचं बोलला. लातूरची हवा, ती गर्दी त्याला झेपणार नव्हती. तो भावाकडे जेवेल. दुकान तसंही बंदच आहे. पिंजायचं यंत्र भंगारवाल्याने नेलं तेव्हा तो बाकावर नव्हता. शरणप्पाने सांगितलं, सकाळपासून इकडे फिरकला नाही.

जेबा लातूरला शिकली. पोरगी कष्टाळू, पण शेकडो पोरी तेवढ्याच कष्टाळू होत्या. डॉक्टरकीचे मार्क पडले नाहीत. ती उदगीरला औषधांच्या डिप्लोमाला गेली आणि तिथल्या वसतिगृहात राहू लागली. रजिया लातुरातच राहिली. परत जायला निलंग्यात काही उरलं नव्हतं, आणि अप्पांचा पगार गुलाम रसूलच्या औषधाला लागत होता. ऐंशी कॉटच्या चादरी दर पंधरा दिवसांनी धुवायला निघायच्या. नव्या पोरी तिला मावशी म्हणायच्या. पूर्वी ती काय करायची हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिला सांगावंसं वाटत नव्हतं.

दर तीन महिन्यांनी गुलाम रसूल डॉक्टरांना दाखवायला लातूरला यायचा. दवाखाना झाला की वसतिगृहावर येऊन तासभर बसायचा. पुरुषाला वर जायची परवानगी नव्हती, म्हणून दोघं वॉचमनच्या खोलीबाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसायची. ती त्याला मेसमधलं ताट आणून द्यायची. तो थोडं खायचा, थोडं ठेवायचा. भावाच्या घरचं, गल्लीतलं, शरणप्पाच्या गुडघ्यांचं सांगायचा. मध्येच दम लागला की ती दुसरीकडे बघायची, म्हणजे त्याला घाई वाटू नये.

त्या दिवशी तो म्हणाला, "ईदला येशील का?"

"पोरींची परीक्षा हाय तेव्हाच. अप्पांना विचारते."

"विचार."

"जेबा येईल. तिला सुट्टी हाय."

"हाव," तो म्हणाला. औषधांची पिशवी उचलून तो उभा राहिला, तेवढ्यात फाटकात पाण्याचा टँकर शिरला आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. चार दिवसांनी पाणी आलं होतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडायचं, पाइप धरायचा, नाहीतर टँकर दुसऱ्या इमारतीला निघून जाणार. वरून पोरी ओरडत होत्या, "मावशी! मावशी!"

तिला त्याला स्टँडपर्यंत सोडायचं होतं. मागच्या वेळीही राहून गेलं होतं. "थांबा जरा," ती म्हणाली, "मी आत्ता येते," आणि जिन्याकडे धावली. गच्चीवर पोचून, पाइप टाकीत घालून, तो एका हाताने धरूनच तिने कठड्यावरून खाली वाकून बघितलं तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. निलंग्याची गाडी साडेचारची होती आणि त्याला भरभर चालता येत नव्हतं, म्हणून तो निघाला होता. कोपऱ्यावरच्या गर्दीत तिला त्याची पांढरी टोपी दोनदा दिसली. पोरं क्लासमधून सुटली होती, रस्ता भरून चालली होती, आणि त्यांच्या मधून तो कडेकडेने थांबत थांबत जात होता. तिने हाक मारली नाही. एवढ्या लांबून हाक पोचली नसती, आणि पोचली असती तरी पाइप सोडून तिला खाली जाता येणार नव्हतं.